रस्ता झाला, रांग तशीच

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटरचा सलग डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला. गिनेस बुकात नोंद झाली, पेपरात मजुरांचे फोटो छापून आले, आणि आमच्या भागातल्या माणसांना मनापासून अभिमान वाटला. आता मूर्तिजापूरहून कापूस भरून निघालेला पिकअप तासाभरात अकोल्याला येतो. येतो आणि जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहतो. डिसेंबरात कधी दुपारपर्यंत, कधी रात्रीपर्यंत, कधी थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. रस्त्यात वाचवलेला वेळ फाटकावर जातो.

हे थांबणं कुठून येतं, त्याचे पैसे कोणाच्या खिशातून जातात आणि ते कमी कसं करायचं, हे शिकवणारा एक अभ्यासक्रम आहे: सप्लाय चेन मॅनेजमेंट, म्हणजे पुरवठा साखळीचं व्यवस्थापन. मी पुण्यात राहून त्यात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतली. आज अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्याच्या नियोजन विभागात काम करते. पदवीचे निकाल लागले की ओळखीपाळखीतली मुलं-मुली फोन करतात. "ताई, हे करू का? का नुसतं ट्रक अन् गोदामाचं काम आहे?" त्यांच्यासाठी, आणि फी भरणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठी, हे लिहिते आहे.

माझे बाबा अकोल्याजवळच्या एका जिनिंगमध्ये धरमकाट्यावर होते. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, पावती. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या खोलीत बसून असे. ते म्हणत, "गाडी काट्यावर आली म्हणजे माल आला असं नसते, पोरी. गंजीवर पडला म्हणजे आला." आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर वाटेतल्या मालाचा हिशेब मांडला तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणांना तो नवा होता. वाटेत असलेला, रांगेत असलेला, गोदामात पडलेला माल हा कोणाचा तरी अडकलेला पैसा असतो. आमच्याकडे तो बहुतेक वेळा शेतकऱ्याचा असतो.

याच रांगेपासून सुरुवात करू, कारण या विषयाचं मर्म तिच्यात सापडतं. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन संशोधकाने 1961 मध्ये एक सूत्र सिद्ध केलं. रांगेत सरासरी किती जण आहेत, हे दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतं: दर तासाला किती जण येतात आणि प्रत्येकाला किती तास थांबावं लागतं. समजा, फाटकाबाहेर 120 गाड्या उभ्या आहेत आणि आत तासाला 15 गाड्या रिकाम्या होतात. म्हणजे आता आलेल्या गाडीचा नंबर आठ तासांनी. हे आठ तास कमी करायचे दोनच मार्ग. आत गाड्या लवकर रिकाम्या करा, नाहीतर बाहेर त्या एकदम येणार नाहीत असं बघा. रस्ता रुंद केल्याने या दोहोंपैकी काहीच होत नाही. उलट, पूर्वी दिवसभरात विखरून येणाऱ्या गाड्या आता सकाळीच एकदम येऊन धडकतात.

आत काय चालतं ते जवळून बघा. ग्रेडर गाडीवर चढतो, कापसात कोपरापर्यंत हात घालून मधला मूठभर माल ओढून काढतो, बोटांनी ताणून धाग्याची लांबी अजमावतो. मग ओलावा मोजायच्या यंत्राची टोकं मालात खुपसतो. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, खरेदीत 8 टक्के ओलावा हे प्रमाण धरलेलं आहे. 12 टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि त्यावर माल परत. आता विचार करा. कापूस हवेतला दमटपणा ओढून घेतो. ताडपत्री नीट नसलेली गाडी डिसेंबरच्या दवात रात्रभर उभी राहिली, तर संध्याकाळी 10 टक्क्यांवर असलेला आकडा सकाळी वर सरकलेला असू शकतो. शिवाय गाडीभाडं, हॉल्टिंग, ड्रायव्हरचा आणि स्वतःचा चहा-जेवणाचा खर्च. रांगेचा खर्च कोणत्याच पावतीवर लिहिलेला नसतो. तो शोधून, मोजून कागदावर आणणं हे आमच्या शिक्षणातलं पहिलं काम. आमच्या शेवटच्या प्रकल्पात मी हेच घेतलं होतं. फाटकावर बसून प्रत्येक गाडीची यायची वेळ, ग्रेडिंगची वेळ, काट्याची वेळ, रिकामी व्हायची वेळ लिहायची. हमालांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय लिहून राह्यली बाप्पा तू?" चार दिवसांनी तेच मला सांगायला लागले की गाड्या नेमक्या कुठे अडतात: जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि ओल्या मालावरून वाद झाला की त्याच्या मागच्या सगळ्या गाड्या.

2025 च्या हंगामापासून सीसीआयने 'कपास किसान' नावाचं अ‍ॅप आणलं आणि त्यावर विक्रीसाठी वेळ आरक्षित करायची सोय केली. रांगेच्या शास्त्राप्रमाणे औषध बरोबर आहे: गाड्या विखरून बोलवा. पण कोणत्या दिवशी किती गाड्यांना बोलवायचं हा आकडा त्या त्या यार्डात तासाला किती गाड्या रिकाम्या होतात यावरून यायला हवा, आणि गाठी बांधणारी प्रेस बंद पडली तर त्याच दिवशी बदलायलाही हवा. हा आकडा काढणारा माणूस लागतो. तो आपल्याच गावचा का नसावा?

फाटकाच्या आत गेल्यावर साखळीला फाटे फुटतात. एका क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, साठीच्या वर किलो सरकी, आणि थोडी घट. 170 किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. रुई सूतगिरणीकडे जाते. सरकी तेलघाणीकडे जाते, तिचं तेल निघतं आणि उरलेली ढेप गाई-म्हशींच्या दावणीला. इथे एक गोष्ट अकोलेकरांनाही फारशी माहीत नसते: एनसीडीईएक्स या वायदे बाजारात सरकी ढेपेचा जो सौदा होतो, त्याचं मूळ केंद्र अकोला आहे. म्हणजे दूर कुठेतरी दूधवाला ढेपेचा भाव बघतो तेव्हा तो अकोल्याच्या गोदामातल्या मालाशी बांधलेला आकडा बघत असतो. कापसाचा भाव ठरतो तो रुई, सरकी, ढेप या सगळ्यांच्या भावांतून. सरकी पडली की जिनिंगवाला कापसाला कमी देतो, मग रुईचा बाजार कितीही तेज असो. हा संबंध ज्याला आकड्यांत मांडता येतो त्याला विषय कळला, असं मी समजते.

पहिल्या सहामाहीत मात्र गणित असतं, आणि बरीच मुलं तिथेच दचकतात. संख्याशास्त्र, अंदाज बांधण्याच्या पद्धती, साठ्याचं गणित, रेषीय नियोजन. हे शेवटचं नाव ऐकून घाबरू नका. समजा, पाच जिनिंगमध्ये गाठी पडून आहेत आणि आठ सूतगिरण्यांना त्या हव्या आहेत. कुठून कुठे किती पाठवल्या तर एकूण भाडं सगळ्यात कमी लागेल? हा प्रश्न 1941 मध्ये हिचकॉक यांनी मांडला, 1947 मध्ये जॉर्ज डान्झिग यांनी अशा प्रश्नांसाठी सर्वसाधारण रीत शोधली, आणि आज एक्सेल तो क्षणात सोडवतं. सूत्र पाठ करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. खरं भाडं काय, परतीची गाडी रिकामी येते का, हे माहीत असणाऱ्याला आहे.

दुसऱ्या वर्षाच्या आधी सगळीकडे एक खेळ खेळवला जातो. अमेरिकेतल्या एमआयटीत साठ वर्षांपूर्वी तो तयार झाला. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी पुढे द्यायची. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच जराशी वाढते, आणि तेवढ्यावर कारखान्यापर्यंत पोचता पोचता मागणीचा डोंगर होतो. मग माल तुंबतो, मग मागणी शून्यावर. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाने वागलेला असतो. हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये याची कारणं लिहिली, तेव्हा त्यांच्यासमोर लहान मुलांच्या लंगोटांचा व्यापार होता: बाळं रोज तेवढेच लंगोट वापरतात, तरी कारखान्याकडची मागणी उसळत-आपटत होती. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक म्हणजे टंचाईची भीती. मिळणार नाही असं वाटलं की माणूस गरजेपेक्षा जास्त मागतो.

2024 च्या मे महिन्यात अकोल्यात कपाशीच्या एका विशिष्ट वाणासाठी कृषी केंद्रांसमोर पहाटेपासून रांगा लागल्या होत्या. उन्हात उभे असलेले शेतकरी आठवा आणि तो खेळ आठवा. ज्याला चार पाकिटं हवीत तो मिळणार नाही या धास्तीने तीन दुकानांत नाव नोंदवतो. तिन्ही दुकानदार कंपनीला मागणी कळवतात. कागदावर मागणी तिप्पट दिसते, आणि खरी किती हे कुणालाच कळत नाही. यात शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. खरिपाची पेरणी चुकली तर वर्ष जातं. तो करतो ते बरोबरच करतो. दोष माहितीचा. गेल्या वर्षी कोणत्या गावात कोणतं वाण किती गेलं, यंदा पेरा किती, हे एका ठिकाणी असतं तर रांग निम्मी झाली असती असं माझं ठाम मत आहे. 'एक गाव एक वाण' या उपक्रमाचा मोठा फायदाही मला इथेच दिसतो. एका गावचा एकसारखा कापूस आला तर जिनिंगला गंजी वेगळी ठेवता येते, गाठीचा धागा एकसारखा निघतो आणि गिरणी त्याला चांगला भाव देऊ शकते.

संत्र्याची गोष्ट वेगळी, कारण तिथे घड्याळ चालू असतं. कापूस घरात महिनाभर थांबेल. तोडलेला संत्रा साध्या हवेत फार दिवस टिकत नाही. वरूड-मोर्शीचा आंबिया बहार निघाला की सगळ्यांचाच निघतो. रेल्वेने स्टेशनाला वरूड ऑरेंज सिटी असं नाव दिलं आहे, इतकं हे पीक त्या गावाचं. या संत्र्याचा परदेशातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. 2019 नंतर त्या देशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने इतकं वाढवलं की निर्यात आटली, आणि जो माल सीमेपलीकडे जायचा तो देशातल्याच बाजारात येऊन भाव पाडू लागला. अभ्यासक्रमात जोखमीवर एक अख्खा विषय असतो. त्यात सुएझ कालव्यात मार्च 2021 मध्ये अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाचं उदाहरण सगळीकडे शिकवतात. मला वरूडचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. जहाज सहा दिवसांनी सुटलं. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेली साखळी तशी सुटत नाही. तिला दुसरं गिऱ्हाईक, शीतगृह, प्रतवारी आणि रसाचा कारखाना अशी सगळी सोय आधीपासून करून ठेवावी लागते.

वऱ्हाडात हा विषय काल आलेला नाही. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. पुढे मुख्य रेल्वेमार्गाला जलंब-खामगाव आणि बडनेरा-अमरावती असे फाटे 1870 च्या सुमारास काढले गेले, ते कापसाच्या बाजारापर्यंत डबे नेण्यासाठी. कारंज्याला 1886 मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला; आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वे किलिक निक्सन कंपनीची. तिला ओढणारं वाफेचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं, आणि ते 1994 पर्यंत चाललं. आखणी चोख होती, यात शंका नाही. पण तिचं प्रत्येक टोक बाहेर जाणारं होतं. कच्चा माल इथून उचलायचा आणि त्याच्यावरची कमाई दुसरीकडे करायची, यासाठीच ती बांधली होती. पिढ्यान्‌पिढ्या आपण ती तशीच चालू दिली. नांदगाव पेठच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी झाली. शेतातल्या कापसापासून तयार कपड्यापर्यंत सगळं एका ठिकाणी, असा त्याचा उद्देश आहे. इमारती उभ्या राहतीलच. त्यांत गाठी, सूत, रंग, माणसं आणि कंटेनर वेळेवर एकत्र आणणारी डोकी बाहेरून आणायची की इथे तयार करायची, हा निर्णय आत्ताच्या पाच-सात वर्षांत होणार आहे.

आता व्यवहाराचं. पवईची निटी ही 1963 ची संस्था 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली; कारखाना आणि पुरवठा साखळी हा तिचा जुना पाया आहे आणि प्रवेश कॅट परीक्षेतून होतो. नाशिकला सिम्बायोसिसची ऑपरेशन्स मॅनेजमेंटची संस्था आहे. वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय 2022 मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं. तिथे वाहतूक आणि लॉजिस्टिक्स हाच गाभा. राज्याच्या सीईटीतून एमबीए करणाऱ्यांनी कॉलेज निवडताना नावापेक्षा विषयांची यादी मागून घ्यावी. साठ्याचं नियोजन, खरेदी, वाहतूक, अंदाज आणि माहिती विश्लेषण हे पाच विषय वेगवेगळे शिकवले जात नसतील, तर जाहिरातीवर सप्लाय चेन लिहिलेलं असूनही ती साधी एमबीए आहे. फी भरण्याआधी मन अजमावायचं असेल तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, आणि एमआयटीचा 2016 पासून चालू असलेला मायक्रोमास्टर्स अभ्यासक्रम घरी बसून करता येतो. माझा अनुभव असा की अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून आलेली मुलं या विषयात फार लवकर तयार होतात. नाशवंत माल म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

पहिली नोकरी बहुधा चकचकीत ऑफिसात नसते. माझी भिवंडीच्या गोदामात होती, रात्रपाळीची. हातात स्कॅनर, डोक्यावर पिवळी टोपी, आणि संगणकात दिसणारा माल रॅकवर खरंच आहे का हे मोजत फिरायचं. घरी आईला काळजी होती, आणि मुलगी म्हणून ती असणं साहजिक होतं. तरी मी मुलींना हे काम टाळू नका असंच सांगते. कंपनीच्या बसची वेळ, मुक्कामाची सोय आणि पाळीवरच्या बायकांची संख्या आधी विचारून घ्या, आणि जा. कागदावरचा साठा आणि खरा साठा यांत फरक का पडतो, हे तिथे हाताने कळतं. पगारासाठी दोन वर्षं तग धरायची तयारी नसेल, किंवा कर्ज काढून लाखोंची फी भरणार असाल आणि गणिताचा मनापासून तिटकारा असेल, तर ही पदवी घेऊ नये. आईवडिलांनीही शेत गहाण ठेवण्याआधी मुलाला एवढं विचारावं.

देशात माल हलवण्यावर किती खर्च होतो, याचे आकडेही आपण नीट मोजत नव्हतो. वर्षानुवर्षं राष्ट्रीय उत्पन्नाच्या 13-14 टक्के असं सांगितलं जायचं. 17 सप्टेंबर 2022 ला राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं, मग रीतसर मोजणी झाली, आणि 2025 मध्ये सरकारने जाहीर केलेला अंदाज 7.97 टक्के निघाला. मोजल्याशिवाय भांडता येत नाही, सुधारताही येत नाही. देशाचं तसंच फाटकाचं.

म्हणून माझी अकोला-अमरावतीतल्या बाजार समित्यांना, जिनिंगवाल्यांना आणि संत्रा उत्पादकांच्या कंपन्यांना विनंती आहे. दर हंगामात कॉलेजच्या दोन-दोन विद्यार्थ्यांना आपल्या फाटकावर बसू द्या. त्यांना गाडी यायची आणि रिकामी व्हायची वेळ लिहू द्या, काट्याचं रजिस्टर बघू द्या. जेवणाचा डबा आणि सावलीतली एक खुर्ची एवढाच खर्च आहे. हंगाम संपल्यावर ते जो कागद हातात ठेवतील तो वाचा, आणि पुढच्या दिवाळीआधी त्यातली एक तरी गोष्ट करून बघा.